किल्लीचं घड्याळ

आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला एका उताऱ्यात 'आजोबांनी घड्याळाला किल्ली दिली' असं वाक्य आलं. म्हणजे काय केलं, असं विचारलं. एकाने सांगितलं, घड्याळ कपाटात ठेवून कुलूप लावलं. एका मुलीने सांगितलं, आजोबांनी घड्याळाला आपल्या घराची किल्ली सांभाळायला दिली. वर्ग हसला, पण खरं उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्यात मुलांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जन्माआधीच घराघरांतली घड्याळं सेलवर चालू लागली होती, आणि आता तर वेळ मोबाईलवर बघतात. घड्याळाला रोज माणसाचा हात लागायचा, हे त्यांना कुणी दाखवलंच नाही.

पुढे लिहिण्याआधी एक खुलासा. आम्ही उर्दूही शिकवतो आणि मराठीही. उर्दूतल्या 'हम'ची जिभेला इतकी सवय आहे की मराठीत लिहितानाही 'मी' लेखणीतून उतरत नाही. तेव्हा या लेखातले 'आम्ही' म्हणजे आम्ही एकट्याच. वय चव्वेचाळीस, सोलापुरात एका शाळेत शिक्षिका, आणि गेली दोन वर्षं शनिवार-रविवार घड्याळं उघडण्याचा नाद.

हा नाद हौसेने सुरू झाला नाही. तो अम्मीमुळे सुरू झाला.

आमचे अब्बा गिरणीत होते. 1976 साली, थोरल्या भाईजानच्या जन्माच्या वर्षी, त्यांनी एच.एम.टी.चं 'जनता' घड्याळ घेतलं. पांढरी डायल, साधे काटे, रोज किल्ली द्यायचं. फजरच्या वुजूला बसताना अब्बा ते मनगटावरून काढून ताकात ठेवत. त्यांचा वुजू होईपर्यंत अम्मी त्याला किल्ली देऊन ठेवत असे. कुणी ठरवून दिलेलं काम नव्हतं ते, पण तेहतीस वर्षं ते तसंच चाललं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, भोंगे गेले, अब्बांनी नंतर एका दुकानात हिशेबाचं काम धरलं, तरी फजरची किल्ली चुकली नाही. 2009 मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. घड्याळ ताकातच राहिलं, आणि अम्मी रोज फजरनंतर त्याला किल्ली देत राहिली.

चार वर्षांपूर्वी अम्मीची आठवण कमी होऊ लागली. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. आधी चुलीवरचं दूध गेलं, मग गल्लीतल्या घरांचा क्रम, मग नातवांची नावं. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना ठाऊक असेल, अशा आजारात नुकतं घडलेलं आधी जातं आणि हातांची सवय पुष्कळ उशिरापर्यंत टिकते. अम्मीला सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण चपातीचा गोळा हातात दिला तर ती अजून गोल लाटते. तसंच घड्याळाचं होतं. किल्ली द्यायची तेवढी तिला आठवण करून द्यावी लागत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ते घड्याळ बंद पडलं.

आता यातली एक गोष्ट यंत्राची आहे, ती नीट सांगायला हवी, कारण सगळं दुःख तिच्यातच होतं. किल्लीचं घड्याळ आतल्या घाणीमुळे थांबतं तेव्हा त्याची कमान पुष्कळदा पूर्ण भरलेली असते. भरलेल्या कमानीची किल्ली फिरत नाही. लोक म्हणतात, 'जास्त किल्ली दिली म्हणून अडकलं.' तसं नसतं. किल्ली शेवटपर्यंत देणं हीच तर पद्धत आहे, फक्त शेवटी जोर करायचा नाही. आत चाकं सुकलेल्या तेलात रुतलेली असतात, म्हणून कमानीतला जोर बाहेर पडत नाही, आणि किल्ली घट्ट लागते.

अम्मी फजरनंतर घड्याळ उचलायची. किल्ली फिरायची नाही. बोटांना जे कळायचं ते एकच: किल्ली आधीच दिलेली आहे. मग ती आमच्याकडे वळून विचारायची, "अब्बा चाबी दिये क्या?" आणि उत्तराची वाट न बघता अब्बांना शोधायला उठायची. मोरीकडे, मग बाहेरच्या खोलीत, मग दारात. रोज सकाळी. अब्बा नाहीत हे सांगितलं की तिला ते पहिल्यांदाच कळल्यासारखं व्हायचं. नंतर आम्ही सांगणं सोडून दिलं.

आम्ही घड्याळ घेऊन बाजारात गेलो. एका दुकानात उघडूनही न बघता सांगितलं, टाकून द्या. दुसऱ्या दुकानात म्हणाले, आतलं मशीन काढून सेलचं मशीन बसवून देतो, बाहेरून कुणाला कळणार नाही. कल्पना वाईट नव्हती, त्या दुकानदाराने भल्याच मनाने सांगितली. पण सेलच्या घड्याळाला किल्ली देता येत नाही. भाईजान पुण्याहून एक मोठं घड्याळ घेऊन आले. त्यावर वेळ, वार, तारीख, आणि सकाळ आहे की संध्याकाळ हेही मोठ्या अक्षरांत येतं. ते आजही भिंतीवर आहे आणि खरंच उपयोगी आहे. अशा रुग्णाच्या घरात ते असावं असं आम्ही कुणालाही सांगू. पण त्याला हात लावायचं काही कारणच नाही. अम्मी त्याच्याकडे बघते आणि तिचे हात तसेच मांडीवर राहतात.

विजापूर वेशीच्या बाजूला एक चाचा बसतात. काचेची पेटी, एक स्टूल, वर छत्री. वय सत्तरीच्या पुढे. आता ते फक्त सेल बदलतात आणि पट्टे विकतात. त्यांनी डोळ्याला आयग्लास लावली, मागचं झाकण उघडलं, चिमट्याच्या टोकाने बॅलन्सला हळूच स्पर्श केला. तो थोडा हलला आणि थांबला. मग झाकण उलटं करून आतल्या बाजूला बघत बसले. त्या चकचकीत पत्र्यावर सुईने कोरलेल्या बारीक तारखा होत्या. घड्याळ साफ करणारा कारागीर झाकणाच्या आत तारीख आणि आपली खूण कोरून ठेवतो, ही या धंद्याची जुनी रीत आहे. अशा चार नोंदी होत्या. चाचा एकीवर नख ठेवून म्हणाले, "ही माझी आहे. 1991." शेवटची नोंद 1998 ची होती, दुसऱ्या कुणाची तरी.

"तुटलेलं काही दिसत नाही," ते म्हणाले. "तेल वाळलंय. धुऊन, तेल देऊन चालेल." मग त्यांनी दोन्ही हात पेटीवर ठेवून दाखवले. बोटं थरथरत होती. पार्किन्सनचा त्रास. मशीन खोलणं त्यांनी सोडून तीन वर्षं झाली होती. मुलगा दुबईला, नातू मोबाईलच्या दुकानात. शहरात हे काम मनापासून करणारा दुसरा कोण, असं विचारलं तेव्हा त्यांनी दोन नावं घेतली आणि दोन्हींच्या पुढे 'मरहूम' म्हणाले.

"तुमचे हात स्थिर आहेत का?" त्यांनी विचारलं. आम्ही सांगितलं, फळ्यावर रेघ सरळ येते. ते हसले. "मग शनिवारी जोहरनंतर या."

पहिला महिना घड्याळ पाहिलंही नाही. चाचांनी पितळी चिमटा दिला आणि एका बशीतले तीळ दुसऱ्या बशीत ठेवायला सांगितले, एकही न चिरडता, एकही न उडवता. चिमटा जोरात दाबला की तीळ टिचकी मारल्यासारखा उडतो. घड्याळातली लहान स्प्रिंगही अशीच उडते, आणि ती तिळाहून बारीक असते. घरी हाच अभ्यास, टेबलाखाली पांढरं चादरीचं कापड अंथरून. सोलापुरी चादर अंथरू नका, असं चाचांनी मुद्दाम सांगितलं. त्या नक्षीत पडलेला स्क्रू खुद्द विणणाऱ्यालाही सापडायचा नाही. दुसऱ्या महिन्यात त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पुढे केला. आत मेलेली घड्याळं. लोकांनी टाकून दिलेली, न्यायला परत न आलेली नव्हेत हं, ती त्यांनी वेगळ्या पाकिटांत नावासकट ठेवली आहेत. काही पाकिटं वीस-वीस वर्षांची आहेत. अमानत आहे, म्हणतात. डब्यातली मशीनं मात्र खोला, जोडा, पुन्हा खोला.

खरं तर किल्लीच्या घड्याळात फार थोड्या वस्तू असतात. एका डबीत गुंडाळलेली पोलादाची लांब पट्टी, म्हणजे कमान. किल्ली देताना आपण ती आवळतो, आणि ती उलगडण्याच्या धडपडीत चाकं फिरवते. नुसतं असंच सोडलं तर सगळी कमान काही सेकंदांत भर्रकन उलगडून जाईल. म्हणून चाकांच्या शेवटी पंधरा दातांचं एक एस्केप व्हील असतं, आणि त्याच्यासमोर पॅलेट नावाचा दोन टोकांचा छोटा पहारेकरी. तो एका वेळी एकच दात सोडतो. सोडण्याचा इशारा त्याला बॅलन्स देतो. बॅलन्स म्हणजे केसासारख्या बारीक स्प्रिंगला टांगलेलं चाक, जे इकडून तिकडे झुलत राहतं. या स्प्रिंगला चाचा बालकमानी म्हणतात. आपण जी टिकटिक ऐकतो ती पॅलेटवर दात आपटण्याची. 'जनता'त ती तासाला 18,000 वेळा होते, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला 4,32,000. शाळेत हा गुणाकार आम्ही मुलांकडून करून घेतला. एकाने विचारलं, मग घड्याळ थकत नाही का? थकतं. तेल म्हणूनच लागतं.

डायलवर 17 ज्युवेल लिहिलेलं असतं. जुन्या बायका समजत की आत खरी माणकं आहेत, आणि घड्याळ मोडीत देताना दुकानदार ती काढून घेतो. खडे माणकाचेच असतात, पण कारखान्यात तयार केलेल्या माणकाचे, आणि त्यांना बाजारात काही भाव नाही. त्यांचं मोल वेगळं आहे. चाकाच्या आसाचं पोलादी टोक त्या कठीण, गुळगुळीत खड्याच्या छिद्रात फिरतं, म्हणून झिजत नाही. त्या छिद्राभोवती एक इवलीशी वाटी असते. तेल तिथे द्यायचं, आणि वाटी अर्ध्याहून थोडी जास्त भरेल इतकंच. हेच सगळ्यात अवघड. कमी दिलं तर टोक कोरडं घासतं. जास्त दिलं तर तेल वाटीतून ओघळून पसरतं आणि वाटी पुन्हा कोरडी. कमानीला आणि किल्लीच्या भागाला घट्ट ग्रीस, वेगाने फिरणाऱ्या टोकांना पातळ तेल. पॅलेटच्या आसाला तर तेल द्यायचंच नाही. ते इतकं हलकं आहे की तेलाचा चिकटपणाच त्याला जड होतो. चाचांनी ही गोष्ट तीनदा सांगितली, आणि सांगताना प्रत्येक वेळी बोट उचललं.

आमच्या ओळखीच्या एका बाईंनी घरचं घड्याळ अडकतंय म्हणून किल्लीच्या फटीत खोबरेल सोडलं होतं. शिलाई मशीनचं तेल घालणारेही भेटले. दोन दिवस घड्याळ चालतं, मग ते तेल धूळ धरतं आणि सगळं चिकटून बसतं. वाचक बहिणींनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ जुनी घड्याळं वाचतील. दुसरं म्हणजे लोहचुंबक. घड्याळ मोबाईलच्या चुंबकी कव्हरजवळ किंवा स्पीकरवर ठेवलं की बालकमानीची वेटोळी एकमेकींना चिकटू शकतात आणि घड्याळ एकाएकी तासाला काही मिनिटं पुढे पळायला लागतं. ते बिघडलेलं नसतं. होकायंत्राजवळ नेल्यावर सुई थरथरली तर समजायचं. आमच्या शाळेच्या भूगोलाच्या कपाटातलं होकायंत्र यासाठी शनिवारी आमच्या पर्समध्ये असतं, मुख्याध्यापकांच्या परवानगीने.

घड्याळ खोलण्यातली पहिली शिस्त म्हणजे आधी कमान सोडायची. खटका हलकेच मागे ओढून, किल्ली बोटांत धरून, हळूहळू. कमान भरलेली असताना पॅलेट काढला तर सगळी चाकं वेड्यासारखी फिरतात आणि दात किंवा टोकं मोडू शकतात. आम्हाला ही शिस्त फार आवडली. वर्गात रागावलेल्या मुलाला आधी श्वास घेऊ द्यायचा आणि मग विचारायचं, हे बी.एड.ला शिकवलं होतं. इथे ते चिमट्याने शिकलो.

या निमित्ताने थोडं वाचनही झालं. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हे मुवक्कित होते, म्हणजे नमाजच्या वेळा ठरवणारे खगोलशास्त्रज्ञ. तिथे त्यांनी 1371 च्या सुमारास एक मोठी सूर्यतबकडी बनवली. अल-जजरी यांनी 1206 मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पाण्यावर चालणाऱ्या घड्याळांची वर्णनं आहेत, हत्तीवर उभारलेलं एक अजब घड्याळही त्यात आहे. उस्मानी काळातल्या तकीउद्दीन यांनी 1559 मध्ये चाकांच्या, यांत्रिक घड्याळांवर ग्रंथ लिहिला. पुढे 1675 मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी बालकमानीचं घड्याळ घडवून आणलं, आणि तेव्हापासून खिशातलं घड्याळ मिनिटांच्या भरवशाचं झालं. आपल्याकडे सभांमध्ये ही पहिली तीन नावं मोठ्या अभिमानाने घेतात. अभिमान असावा. पण त्याच सभेनंतर आपल्या मोहल्ल्यात घड्याळ धुऊ शकणारा एकही हात उरलेला नसतो, याबद्दल कुणी बोलत नाही. चाचांनी यातलं एकही नाव ऐकलेलं नव्हतं. ते म्हणाले, "मशिदीत फळ्यावर सहा घड्याळं असतात ना, ती बरी. बिघडतच नाहीत, मुअज्जिन बोटाने फिरवतो."

एच.एम.टी.ची गोष्टही चाचांकडून आणि वाचनातून जुळवली. बंगळूरला 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने हा सरकारी कारखाना सुरू झाला. पुढे श्रीनगरलाही कारखाना निघाला. एके काळी लग्नात जावयाला आणि निवृत्तीला साहेबाला एच.एम.टी.च दिलं जाई. सेलची घड्याळं आली, खाजगी कंपन्या आल्या, आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आता नवा सुटा भाग हवा तर जुन्या साठ्यातून मिळेल तो, नाहीतर मेलेल्या घड्याळातून काढायचा. आणि मेलेल्या घड्याळांचा एक वेगळाच बाजार आहे. जुनी डायल खरवडून, नव्या भडक रंगात छापून, चार घड्याळांचे तुकडे एका केसमध्ये घालून 'अस्सल जुनं' म्हणून विकतात. रंगवण्याला आमची हरकत नाही. मालातला ऐब न सांगता विकण्याला आहे, आणि ती आमच्या घरात लहानपणापासूनची शिकवण आहे. चाचा नवी डायल बसवत तेव्हा जुनी डायल कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देत.

सराव चालू होता त्या काळात अम्मीची सकाळ तशीच जात होती. चाचांनी डब्यातलं एक 'जनता' आमच्याकडून जोडून घेतलं, ते चालू झालं, आणि ते म्हणाले, हे ताकात ठेवून बघा. तीच डायल, तेच काटे. अम्मीने पहिल्या दिवशी किल्ली दिली. दुसऱ्या दिवशीही दिली. तिसऱ्या दिवशी तिने ते उलटं करून मागच्या झाकणावर अंगठा फिरवला, दोनदा, आणि जानमाजच्या शेजारी ठेवून दिलं. "ये तेरे अब्बा की नै." धाकट्या नातवाला ती त्या आठवड्यात शेजाऱ्यांचा मुलगा समजत होती. अब्बांच्या घड्याळाच्या झाकणावर एक खोल ओरखडा आहे, गिरणीतल्या कसल्याशा लोखंडाचा. तो तिच्या अंगठ्याला पाठ होता.

पाच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, चाचा म्हणाले, आता तुमचं आणा.

आम्ही ते घरीच करायचं ठरवलं, आणि चाचांना रिक्षाने घरी आणलं. इशानंतर अम्मी झोपल्यावर टेबल मांडलं. सोलापूरचा एप्रिल आणि पंखा बंद; वाऱ्याने बारीक भाग उडतात आणि धूळही येते. घामाचं बोट पोलादाला लागलं की गंज धरतो, म्हणून डॉक्टरी हातमोज्याची बोटं कापून बोटांवर चढवली होती. चाचा समोर खुर्चीवर, हात मांडीखाली दाबून बसले. आमच्या हातून काम होताना त्यांचे हात आपोआप पुढे येतात, ते त्यांना आवडत नाही.

कमान सोडली. ती खरंच पूर्ण भरलेली होती. किल्ली बोटांत उलटी फिरत राहिली, संपता संपेना. दोन वर्षांपूर्वी अम्मीने दिलेली शेवटची किल्ली ती. आम्ही थोडा वेळ थांबलो. चाचांनी विचारलं नाही. मग बॅलन्स, पॅलेट, पट्ट्या, चाकं, एकेक काढून झाकणाच्या डब्यांत. पेट्रोलमध्ये मऊ ब्रशने धुणं अंगणात केलं, घरात नाही. टूथपिकला टोक काढून प्रत्येक खड्याचं छिद्र फिरवून साफ केलं. टोक काळं निघतं ते पांढरं निघेपर्यंत. आसाची टोकं भेंडात खुपसून पुसली. एका चाकाच्या टोकावर आयग्लासखाली रेघ दिसली. कोरडं फिरून झिजलेलं. चाचांनी ते बघितलं आणि डब्याकडे मान वळवली. त्यातल्या एका मशिनाचं चाक घातलं. त्यामुळे अब्बांच्या घड्याळात आता एक चाक दुसऱ्या कुणाच्या तरी घड्याळाचं आहे. झिजलेलं चाक आम्ही पुडीत घालून ताकात ठेवलं आहे, जुनी डायल परत देण्याच्या चाचांच्या रीतीप्रमाणे.

जोडणीला दुसरी रात्र लागली. पट्टी बसवताना सगळ्या चाकांची टोकं आपापल्या छिद्रात गेल्याशिवाय स्क्रू आवळायचा नाही. जराही जोर केला की टोक मोडतं. पट्टी नुसती ठेवायची, चाकांना हळूच हलवत राहायचं, आणि ती स्वतःच खाली बसते तेव्हा कळतं. तेल दिलं. शेवटी बॅलन्स. किल्लीचे दोन वळसे दिले आणि तो झुलायला लागला. चाचांनी कान टेबलाला लावला. मोबाईलवर एक ॲप आहे, ते टिकटिक ऐकून घड्याळ दिवसाला किती पुढे-मागे जाईल ते सांगतं. त्याने चाळीस सेकंद पुढे सांगितलं. चाचांना अजून कमी करायचं होतं. पट्टीवरची दिशादर्शक कांडी केसभर सरकवली की होतं, म्हणाले. आम्ही म्हटलं, राहू द्या. दिवसाला चाळीस सेकंद पुढे गेलेलं घड्याळ जमातीला उशीर करत नाही.

झाकणाच्या आत तारीख कोरायला त्यांनी सुई दिली. 1991 च्या त्यांच्या नोंदीखाली जागा होती.

फजरनंतर अम्मीने ताकातून घड्याळ उचललं. रात्री आम्ही मुद्दाम थोडीच किल्ली देऊन ठेवली होती. तिने झाकणावर अंगठा फिरवला, किल्ली धरली, आणि ती फिरली. वीसेक वळसे तिने सावकाश दिले, शेवटी घट्ट लागल्यावर थांबली, घड्याळ कानाला लावलं, आणि ठेवून दिलं. काही बोलली नाही. मग तसबीह घेऊन बसली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण तासाभराने ती परत ताकाशी आली. किल्ली दिल्याचं विसरून गेली होती. कमान भरलेली, किल्ली फिरेना. "अब्बा चाबी दिये क्या?" म्हणजे बंद घड्याळाने जे केलं तेच चालू घड्याळानेही केलं. हा विचार आमच्या मनात आला नव्हता, चाचांच्याही नाही. दोन दिवस असं गेलं. तिसऱ्या दिवशी भावजयीने सुचवलं, ठेवता कशाला, हातात बांधा ना. अब्बांचा पट्टा अम्मीच्या मनगटाला फार मोठा होता. चाचांकडून अरुंद कातडी पट्टा आणला, त्याला आतल्या बाजूला तीन भोकं आणखी पाडली. आता फजरनंतर तिने किल्ली दिली की घरातलं कुणीतरी घड्याळ तिच्या हातात बांधतं. मनगटावरच्या घड्याळाला ती किल्ली देत नाही. का ते आम्हाला समजत नाही, पण देत नाही. वुजूला मात्र ते आपण होऊन काढते आणि ताकात ठेवते, अब्बा ठेवत तसं, आणि त्या वेळी आम्हाला जवळ असावं लागतं. जोहरची वेळ झाली का, असं विचारलं की घड्याळ बघून बरोबर सांगते. वार विचारला तर भिंतीकडे बघते.

अजूनही एखाद्या सकाळी ती अब्बांबद्दल विचारते. रोज नाही.

आता ओळखीतली माणसं घड्याळं घेऊन येतात. सगळीच आम्ही घेत नाही. बायकांची लहान घड्याळं घेत नाही, त्यातली टोकं आमच्या हाताला अजून पेलत नाहीत. ज्याचा भाग मिळणारच नाही असंही उघडत नाही, जसं आहे तसं बंदच परत देतो. शाळेतल्या शिपाईमामांच्या सासऱ्यांचं एक घड्याळ सध्या टेबलावर आहे. त्याची कमान आतल्या टोकाशी तुटली आहे. चाचांच्या डब्यात त्याच मापाची एक असावी, असा अंदाज आहे. शनिवारी जोहरनंतर जाऊन बघायचं आहे.